खडकावरचा ठिपका

आमच्या गिरणीत दोन यंत्रं होती, एक दळायचं आणि एक बघायचं. दळायचं यंत्र सासऱ्यांच्या वेळचं. त्याचा पट्टा सुटला की अख्ख्या आळीला कळायचं. बघायचं यंत्र पुण्याच्या एका संस्थेनं आणून बसवलेलं, आणि ते इतकं गरीब की त्याच्यावर बोटभर पीठ साचलं तरी तक्रार करायचं नाही. मी त्याला माझ्या जुन्या साडीचा तुकडा पांघरून ठेवायची. संस्थेच्या मॅडम पहिल्यांदा पाहणीला आल्या तेव्हा तो फुलाफुलांची साडी नेसलेला संगणक बघून त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग म्हणाल्या, "ताई, छान दिसतोय, पण त्याला श्वास घेता आला पाहिजे."

हे दोन हजार साल उलटून गेल्यानंतरचं. आमचं गाव वेल्हे तालुक्यात, पासलीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. माझं माहेर मात्र भोरचं. तिथं गणपतीच्या मेळ्यात मी लहानपणापासून कामं करायची. राण्या केल्या, राक्षसिणी केल्या, एकदा तर ऐन वेळी कुणी मिळेना म्हणून मिशा लावून हवालदार केला. लग्न होऊन इथं आले आणि रंगमंच सुटला. पण दळणाला आलेल्या बायका म्हणजे हक्काचं प्रेक्षागृह. दळण होईपर्यंत उठून जायची सोय नाही, आणि गिरणीचा आवाज असल्यामुळे मोठ्यानं बोलायला मुभा. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सुनंला देवानं तोंड दिलं आन् वर गिरणी दिली."

तर बघायचं यंत्र. आमच्या समोर ओढ्यापलीकडं मोठा डोंगर आहे. त्याच्या खांद्यावर एक वाडी, वाडीच्या मागं कुरण, आणि कुरणाच्या वर देवराई. होळी झाली की सगळं गवत वाळून कडकडीत होतं आणि दरवर्षी डोंगर पेटतो. कुणाचा राब हातचा सुटतो. राब म्हणजे भाताचं रोप ज्या जागी टाकायचं तिथं शेण, पाला, झाडांच्या फांद्या पसरून जमीन भाजून घेतात, ते. कुणाची विडी पडते. आणि काही शहाणे मुद्दामही लावतात, जुनं जळलं की नवं गवत जोमानं येतं म्हणून. नवं गवत येतं खरं, पण मधल्या काळात जनावरांनी काय खायचं हे त्या शहाण्यांना कुणी विचारत नाही.

संस्थेचं म्हणणं असं की वणवा लागल्याबरोबर दिसला तर विझवता येतो. म्हणून आमच्या बाजूच्या टेपाडावर त्यांनी लोखंडी खांब रोवला, वर कॅमेरा आणि उन्हावर चालणारी पाटी बसवली, आणि कॅमेऱ्याचं तोंड समोरच्या डोंगराकडं केलं. खांबाचं काम भोरच्या एका चाचांनी केलं. बाजारपेठेत त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशीच, त्यामुळे ते मला गावची लेक म्हणूनच वागवत. खांब उभा राहिल्यावर त्यांनी त्याला दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि मला म्हणाले, "पोरी, हा हलायचा नाही. डोंगर हलला तर मात्र मला सांगायला येऊ नको."

खांबावरून चित्र निघायचं ते थेट आमच्या कौलांवरच्या काठीला, आणि तिथून संगणकात. हलतं चित्र नव्हे. थोड्या थोड्या वेळानं एक नवं चित्र यायचं आणि जुन्याच्या जागी बसायचं. आमचंच घर का, तर गावात फोन आमच्याकडं आणि दिवसभर जागेवर बसलेलं माणूस म्हणजे मी. धूर दिसला की मी देवळातला बॅटरीवरचा भोंगा लावायचा आणि आजूबाजूच्या गावांना फोन करायचे. मॅडमनी मला नीट बजावलं होतं, "ताई, तुम्ही फक्त धुराकडं बघायचं."

त्यातला 'फक्त' मी पहिल्याच आठवड्यात फळीवर ठेवून दिला.

त्याला कारण लाईट. त्या उन्हाळ्यात दुपारी तासन् तास लाईट जायची. गिरणी बंद, टीव्ही बंद, पंखा बंद. पण संगणकाला संस्थेनं बॅटरी दिलेली. म्हणजे गावातल्या सगळ्या मालिका दुपारी बंद पडायच्या आणि एकटा डोंगर चालू असायचा. दळण अडकलेल्या बायका डब्यांवर, पोत्यांवर बसायच्या आणि मी साडीचा तुकडा बाजूला करायची. चित्रात माणूस म्हणजे एक ठिपका. पण ठिपक्याचा रंग कळतो, चाल कळते, त्याच्या मागं गुरं आहेत का शेरडं हे कळतं. मेळ्यात काम केलेल्या बाईला एवढं पुष्कळ झालं.

"हे बघा," मी सांगायची, "हे पांढरं निघालं वाडीवरनं. कुठं निघालं? सासुरवाडीला. सांगावा आलाय की मेव्हण्याला पोरगी बघायची. आता हे पुढच्या चित्रात आंब्याखाली बसलेलं दिसंल, कारण ह्याला जायचंच न्हाई."

पुढचं चित्र यायचं आणि ठिपका खरंच आंब्याखाली असायचा. बायका अशा हसायच्या की बाहेर ओट्यावर पत्ते खेळणारे पुरुष दारातून डोकावायचे.

ही बातमी डोंगरापलीकडं गेली. मग गंमत सुरू झाली. डोंगरावरून जाणारा जो तो कॅमेऱ्याला हात करायला लागला. आमच्या गावच्या दोन-तीन लेकी पलीकडच्या वाड्या-वस्त्यांवर दिलेल्या. त्या खिंडीतून जाताना मुद्दाम थांबून हात करायच्या, आणि इथं त्यांच्या आया पदराला डोळे पुसायच्या. एक म्हातारे रोज कॅमेऱ्याला हात जोडायचे. एक गृहस्थ त्याच्याकडं पाठ करून, पोलीस बघितल्यासारखे, ओढ्याच्या कडेनं जायचे. आमच्या सासूबाई कुरणात सरपणाला जायच्या तर टेपाडासमोर आल्यावर पदर नीट करायच्या. मी इथून बघायची आणि रात्री जेवताना सांगायची. त्या म्हणायच्या, "मग काय झालं. चारचौघांत जायाचं म्हंजे नीट जावं."

आता नानी. नानी आमच्या चुलत सासूबाई, शेजारच्याच घरात एकट्या राहायच्या. मुलगा मुंबईला, आणि एकच लेक, ती समोरच्या वाडीवर दिलेली. समोरच्या म्हणजे अगदी समोरच्या. आमच्या अंगणातून बोट दाखवावं एवढं अंतर. पण ओढा उतरून डोंगर चढायचा तर नानींच्या गुडघ्यांना तो मुलुख परदेशासारखाच. आणि गुडघे चांगले असते तरी त्या गेल्या नसत्या. मायलेकींचं बोलणं बंद होतं.

नानींचे मालक श्रावणात गेले. ओढ्याला पूर होता. वाडीवर सांगावा घेऊन गेलेला माणूस अलीकडंच अडकला. भावकीतले मोठे म्हणाले, किती वेळ ठेवायचं, पाऊस थांबायचा नाही, लाकडं भिजतील. लेक आली ती दुसऱ्या दिवशी, कमरेइतक्या पाण्यातून, आणि तोवर राख झालेली. ती अंगणातच उभी राहिली. घरात आली नाही. म्हणाली, "माझ्या बापाचं त्वांड मला दावलं न्हाईस आये." नानी म्हणाल्या, "गाव थांबत न्हाई बाय." एवढंच. दहावं-तेरावं झालं तेव्हा लेक आली, बसली, गेली. त्यानंतर आली नाही.

नानी दोनदा म्हणाल्या होत्या, थांबा म्हणून. मी त्यांच्या शेजारी बसले होते, मी ऐकलं होतं. पण त्या दिवशी बाईमाणसाचं कोण ऐकतो. आणि लेकीला हे सांगायचं म्हणजे भावकीवर बोट ठेवायचं. नानींनी ते कधी कुणाजवळ काढलं नाही.

कॅमेरा आला तशा नानी दळण नसतानाही यायला लागल्या. दुपारी बारा वाजायच्या सुमाराला नाचणीच्या पोत्यावर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "लाव गं तुझा डोंगर." वाडीच्या खाली एक मोठा खडक आहे, त्याच्या पायथ्याशी झरा. उन्हाळ्यात वाडीला पाणी तेवढंच. लेक दुपारी दोन हंडे घेऊन यायची, वाटीवाटीनं भरायची, आणि भरलेले हंडे खडकावर ठेवून जरा उभी राहायची. तांबडा ठिपका आणि त्याच्या पायाशी दोन चमकणारे कण. नानी तेवढं बघायच्या. मी एरवी कुणालाही सोडत नसे, पण त्या तांबड्या ठिपक्याचं समालोचन मी कधी केलं नाही.

लेकीला हे कळलं होतं. वाडीवरची माणसं खाली बाजाराला यायची, त्यांनी सांगितलंच असणार की तुझी आई रोज बघत बसते. तेव्हापासून ती खडकावर जरा जास्त वेळ थांबायला लागली, असं आम्हांला वाटायचं. पण सगळं जग कॅमेऱ्याला हात करत असताना तिनं कधी हात केला नाही. तोंड आमच्याकडं करून नुसती उभी राहायची. नानी म्हणायच्या, "बापाची हाय ती. मोडंल पर वाकायची न्हाई." त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे मला कधी सांगता आलं नाही.

मग वैशाखातली ती दुपार. लग्नसराई. वाडीवरची सगळी धडधाकट माणसं हिर्डोशीकडच्या एका लग्नाला गेलेली, हे आम्हांला ठाऊक होतं, कारण सकाळी ती सगळी नटूनथटून खिंडीतून गेली आणि जाताना प्रत्येकानं हात केला. मागं राहिले म्हातारे, जनावरं, आणि त्यांना बघायला नानींची लेक. लाईट गेलेली. गिरणीत मी, नानी, आणि चार-पाच जणी.

चित्र आलं. खडक रिकामा. पुढचं आलं, तांबडा ठिपका आणि हंडे. नानींनी नेहमीसारखा पदर डोक्यावरून पुढं ओढला. पुढचं चित्र आलं आणि आम्ही सगळ्या एकदम पुढं वाकलो.

ठिपक्याला वरच्या बाजूला एक काडी फुटली होती.

"हात केला," माझी जाऊ म्हणाली. "नानी, लेकीनं हात केला."

पुढच्या चित्रात काडी दुसऱ्या बाजूला कललेली. त्याच्या पुढच्यात दोन काड्या. हात हलवतेय, दोन्ही हातांनी हलवतेय. गिरणीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं देव पावला, कुणी म्हणालं वरीस सरायच्या आत राग सरला. मीही मागं राहिले नाही. मी मोठ्यानं सांगायला लागले की बघा, ऊन केवढं, हंडे केवढे, पण आज आईला बघितल्याशिवाय ती हलायची नाही. आणि नानी. नानी पोत्यावरून उठल्या, संगणकासमोर उभ्या राहिल्या, आणि त्या काचेला त्यांनी हात केला. आधी एक, मग दोन्ही. लहान मुलाला खिडकीतून करतात तसा. कुणीही हसलं नाही.

पुढचं चित्र आलं. खडक रिकामा होता.

"गेली," जाऊ म्हणाली. "कामाची बाई. कवर हुबी ऱ्हानार."

नानी मात्र तशाच उभ्या. हात खाली आले होते. त्या काचेच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासानं तिथलं पीठ उडालं. म्हणाल्या, "हंडं हायती."

"काय नानी?"

"हंडं खडकावरच हायती तिचं. भरल्यालं हंडं टाकून बाई जाती कुठं?"

मी बघितलं. दोन चमकते कण जागच्या जागी होते. वैशाखात, वाटीवाटीनं भरलेलं पाणी. मग मी पहिल्यांदा वर बघितलं, वाडीच्या वर, कुरणाच्या वर. आभाळ त्या दिवसांत तसंही धुरकटच असतं. पण देवराईच्या मागं डोंगराची कड दिसत नव्हती. वणवा पलीकडच्या अंगानं चढून येत होता, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या अंगानं. लेकीला तो दिसला होता. वाडीवर फोन नाही, मोबाईलला रेंज नाही, हाकेच्या अंतरावर धडधाकट माणूस नाही. तिच्याकडं एकच गोष्ट होती, आमच्याकडं तोंड केलेला तो डोळा. तिनं त्याला हात केला होता, आणि आम्ही आनंद केला होता.

भोंगा लावला. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ मोठ्यानं बोलले आहे, पण त्या दिवशी माईकवर माझ्या तोंडून दोनच शब्द निघाले, "वाडीवर वणवा." तेच पुन्हा पुन्हा. ओट्यावरचे पत्ते तसेच पडले. माणसं कोयते घेऊन, करंजाच्या हिरव्या डहाळ्या तोडत ओढ्याकडं पळाली. फोन केले. जाऊ फोनपाशी थांबली आणि मीही निघाले. नानी माझ्याबरोबर निघाल्या.

"नानी, तुमी नका येऊ."

"तू चाल म्होरं."

ओढ्यापर्यंत त्या आल्या कशा, मला माहीत नाही. तिथं मात्र गुडघ्यांनी हात टेकले. ओढा आटलेला, पण एका डोहात गुडघाभर पाणी होतं. नानी त्या पाण्यात बसल्या आणि म्हणाल्या, "गोणपाटं आना." मग जो कोणी चढायला लागे त्याच्या खांद्यावर त्या एक भिजवलेलं गोणपाट टाकायच्या. नुसतं बुडवायचं, पिळायचं नाही, तसंच टाकायचं.

वणव्याचा आवाज लांबून ऐकला तर पाऊस येतोय असं वाटतं. जवळ गेल्यावर तसं वाटत नाही. तोंडावर ऊब येते, मग ऊब राहत नाही, भाजायला लागतं. देवराईची एक बाजू पेटली होती आणि कुरण तर सगळंच. पुरुषांनी वाडीच्या वर गवत कापून, पुढून उलटा जाळ लावून मोकळी पट्टी केली, जाळरेषा म्हणतात तिला. आम्ही बायका सुटून येणाऱ्या जिभा डहाळ्यांनी आणि गोणपाटांनी झोडपत होतो. बाजूच्या गावची माणसं वरून आली, लग्नाला गेलेल्यांना कुणी तरी गाठलं, तीही नव्या कपड्यांनिशी धावत आली. ऊन कलायच्या सुमारास घरं वाचली हे नक्की झालं. गवताच्या गंजी गेल्या, दोन गोठे गेले. सगळ्यांत आधी लेकीनं जनावरांची दावी कापली होती. एक गाभण म्हैस तेवढी, मागून पेटलं दावं धरून ओढली तरी, बाहेर पडायला तयार झाली नव्हती. आगीत जनावर कधी कधी घरालाच चिकटून राहतं.

लेक मला सापडली राबाच्या जागेवर. तिनं सासू-सासऱ्यांना आणि शेजारच्या एका म्हातारीला तिथं नेऊन बसवलं होतं. राब आठवड्यापूर्वीच भाजलेला. जे एकदा जळलं आहे तिथं वणवा येत नाही. काळ्या जमिनीच्या त्या तुकड्यावर तीन म्हातारी माणसं चादरीवर बसल्यासारखी बसली होती आणि ती त्यांच्या शेजारी उभी होती. दाव्याची आग लागून दोन्ही तळहात फोडांनी भरलेले. ते तिनं पालथे, अंगापासून दूर धरले होते.

मी जवळ गेले. हात बघायला वाकले. तीच म्हणाली, "वैनी, भोंगा लागला तवा जिवात जीव आला."

"उशीर झाला वन्सं आमाला."

"कशानं?"

मी सांगितलं. जसं झालं तसं. नानी उठल्या, काचेला हात केला, सगळं. ती ऐकत होती. चेहरा काळा, त्यावर घामाचे ओघळ. सांगून झाल्यावर ती पलीकडं बघत म्हणाली, "म्या आयेला न्हाई केला हात. मी कॅमेऱ्याला केला. इस्तू दिसंना का तुमास्नी म्हनून."

"ते कळलं मला."

"तिला सांगू नगंस."

"बरं."

मग मी म्हणाले, "वन्सं, मलाबी एक सांगायचंय. तुमच्या वडलांच्या वक्ताला नानी दोनदा म्हनल्या व्हत्या, थांबा म्हनून. म्या शेजारी व्हते. कुनी ऐकलं न्हाई त्यांचं."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सासूच्या अंगावर राख पडली होती, ती कोपरानं झटकायला लागली. बराच वेळ झटकत राहिली, राख निघून गेल्यावरही.

खाली ओढ्यात नानी अजून पाण्यातच होत्या. पदर, लुगडं सगळं चिखलानं भरलेलं. मला बघून म्हणाल्या, "बघितलीस?"

"बघितली. बरी हाय. हाताला फोड आल्यात, जळकं दावं धरलं तिनं."

"काय म्हनाली?"

सगळं गाव मला ओळखून आहे. माझ्या पोटात गोष्ट राहिली तर अपचन होतं. त्या डोहाच्या काठाला उभी राहून मी म्हणाले, "दमली व्हती. बोलली न्हाई."

नानींनी मान हलवली आणि उठवायला हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वेळेवर आल्या. मी साडीचा तुकडा काढला. समोरचा डोंगर निम्मा काळा होता, आणि त्या काळ्यात मधेच करड्या रेघा, अजून धुमसणारे ओंडके. खडक होता. खडकावर दोन कण होते.

चित्रं येत राहिली. ठिपका आला नाही. नानी पोत्यावर बसून होत्या. त्या दिवशी लाईट होती, पण मी गिरणी चालू केली नाही. दळणाला आलेल्या दोघीजणी दारातच थांबल्या.

"हंडं न्हेलं न्हाईत कुनी," नानी म्हणाल्या.

"वाडीवरचे सगळे म्हशीच्या मागं असतील. खड्डा काढायचा, पुरायचं."

"आन् तिला हातानं उचलाय यायचं न्हाई."

"न्हाई."

आणखी एक चित्र आलं, तसंच. नानी उठल्या. पदर खोचला. म्हणाल्या, "हितनं बघून काय हुनार," आणि दाराबाहेर पडल्या. मी मालकांना हाक मारली, गिरणी बघा म्हटलं, आणि गोठ्यातून पेंढ्याचा एक भारा डोक्यावर घेऊन त्यांच्या मागं निघाले. जळलेल्या घरी जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत.

ओढ्यापर्यंत त्या पुढं होत्या. चढ लागल्यावर मागं पडल्या. प्रत्येक वळणावर थांबायच्या, काठी रोवायच्या, वर बघायच्या. वरून उडून आलेली राख प्रत्येक पावलाला पायाखालून उठायची. एका वळणावर श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्यो हात मला न्हवता."

मी भारा सावरला. "कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे. माझी लेक हाय. इस्तवासाठी केला त्यो." मग काठी पुढं टाकली. "पर हात करून कुनाला बोलवायचं तर आमालाच बोलावलं ना तिनं. दुसऱ्या कुनाला न्हाई बोलावलं."

खडकाजवळ आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून उतरलं होतं. हंड्यांतल्या पाण्यावर राखेची साय आली होती. नानींनी हातानं ती काढली. एक हंडा मला कमरेवर घ्यायला सांगितला आणि दुसरा, मी नको नको म्हणत असताना, चुंबळ करून स्वतःच्या डोक्यावर घेतला. तिथून वाडी वर जेमतेम हाकेच्या अंतरावर, पण ती चढण. मी मागून चालत होते, डोक्यावर भारा, कमरेवर हंडा, आणि डोळे नानींच्या पोटऱ्यांवर. त्या थरथरत होत्या. हंडा थरथरत नव्हता.

लेक अंगणात होती. हातांना हळद-तुपाची फडकी बांधलेली. घरचे पुरुष गोठ्याच्या मागं खणत होते, त्यांच्या टिकावांचा आवाज येत होता. आईला वळणावर बघून ती उठली, पण पुढं आली नाही. आम्ही अंगणात पोचलो.

"गुडघं हायती का तुझं डोंगर चढायचं?" ती म्हणाली.

"न्हाईत," नानी म्हणाल्या.

"मंग?"

"आलेच हाय आता."

नानींना हंडा उतरवायचा होता, पण हात वर जाईनात. लेक पुढं आली. तळहात चालत नव्हते, म्हणून तिनं दोन्ही मनगटांनी हंडा धरला, पोटाशी घेतला आणि गुडघ्यात वाकून खाली ठेवला. दोघींच्याही अंगावर पाणी सांडलं. सांडलेलं पाणी जमिनीनं लगेच पिऊन टाकलं. जवळ जवळ उभ्या होत्या. कुणी कुणाला हात लावला नाही.

लेक म्हणाली, "थांबा म्हनली व्हतीस म्हनं तू."

नानींनी मान वळवली आणि माझ्याकडं असं बघितलं की भारा डोक्यावर असूनही मला लपावंसं वाटलं.

"हिच्या पोटात काय ऱ्हातं व्हय," नानी म्हणाल्या.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय, बाप परत दिसला असता?" नानी ओट्याच्या कडेला बसल्या. गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरले. "मलाबी धड बघू दिलं न्हाई बाय. बायकांनी घेरून बसवलं व्हतं. मी माणसांच्या पायातनं बघितलं. पाऊलच दिसलं."

लेक तिच्या शेजारी बसली. दोघी समोर बघत होत्या, खाली, ओढ्यापलीकडं, आमच्या गावाकडं. मग लेकीनं विचारलं, "कंचं पाऊल?"

"डावं," नानी म्हणाल्या. "नखुरडं झालं व्हतं बघ आंगठ्याला. त्ये."

"व्हय," लेक म्हणाली. "म्याच काटा काढला व्हता तवा."

मी भारा गोठ्याकडं घेऊन गेले. मागच्या बाजूला पुरुषांनी खड्डा अर्धा काढला होता, जमीन कातळाची, खणली जात नव्हती. मी पेंढा उरलेल्या जनावरांपुढं सोडला. ती आधी हुंगत राहिली, धुराचा वास त्यांच्या नाकातून गेला नव्हता, आणि मग त्यांतल्या एकीनं तोंड घातलं.